होम्सला कंटाळलेला होम्सकार : सर आर्थर कॉनन डॉइल

रहस्यकथांच्या नादी लागलेल्या वाचकास एक अनुभव सहसा चुकत नाही. एखाद्या गुप्तहेराच्या पहिल्या काही कथा तो झपाटल्यासारखा वाचून काढतो, पुढच्या पुस्तकासाठी वाचनालयात आगाऊ नाव नोंदवून ठेवतो, आणि ते पुस्तक एकदाचे हाती पडून वाचून झाले म्हणजे काहीसा हिरमुसला होऊन परत करतो. नायक तोच असतो, त्याचा सोबती तोच असतो, खोलीतील खुर्च्यादेखील जागच्या हललेल्या नसतात. पण पूर्वीची गोडी काही लागत नाही. लेखक आळसावला, पैशासाठी लिहू लागला, असा निकाल देऊन वाचक मोकळा होतो. त्या लेखकावर मधल्या काळात काय गुजरले असेल, हा प्रश्न त्याच्या मनात फारसा येत नाही.

वाचक आणि लेखक यांच्यातील या रुसव्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे शेरलॉक होम्सचे जनक सर आर्थर कॉनन डॉइल. आमच्या पिढीतील अनेकांना होम्स प्रथम भेटला तो भालबा केळकर यांनी केलेल्या मराठी अनुवादांतून. महाराष्ट्रापासून दूर, जेथे मराठी पुस्तक सहजी मिळत नसे, तेथे असे एखादे पुस्तक चार-पाच घरांतून फिरे आणि परत येईपर्यंत त्याची पाने सुटी झालेली असत. बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटूंवर पोसलेल्या वाचकांस होम्स आणि वॉटसन ही जोडी परकी वाटलीच नाही. परंतु ज्यांनी ही जोडी निर्माण केली त्यांचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने ते सांगावे असे आम्हांस वाटले.

डॉइल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे एका आयरिश कॅथलिक कुटुंबात झाला. वडील चार्ल्स डॉइल हे सरकारी बांधकाम खात्याच्या तेथील कचेरीत नोकरीस होते. चित्रकलेचे चांगले अंग असलेला हा मनुष्य दारूच्या आहारी गेला, नोकरीस मुकला आणि अखेरची वर्षे त्यास मनोरुग्णालयांत काढावी लागली. संसार ओढला तो आई मेरी यांनी. गरिबीतही या माउलीला वाचनाचा दांडगा षोक होता आणि गोष्ट रंगवून सांगण्याची हातोटी तिच्यापाशी होती. शूर सरदारांच्या, घराण्यांच्या, वंशावळींच्या ज्या कथा तिने मुलाला ऐकविल्या, त्यांतूनच ऐतिहासिक कादंबरी लिहिण्याची त्याची आकांक्षा जन्मास आली. ती त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

जेझुइटांच्या शाळांतून शिक्षण आटोपून डॉइल १८७६ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासास लागले. तेथे डॉ. जोसेफ बेल हे शल्यविद्येचे अध्यापक होते. रोगी दारातून आत येताच त्याचे चालणे, त्याचे हात, त्याच्या बुटांवरील चिखल पाहून बेल त्याचा धंदा, त्याचा गाव, कधी कधी त्याचा लष्करातील हुद्दादेखील सांगून टाकीत आणि मग तो तर्क कसा बांधला हे विद्यार्थ्यांस उकलून दाखवीत. होम्सची निरीक्षणपद्धती डॉइल यांनी येथूनच उचलली, आणि हे ऋण त्यांनी जन्मभर उघडपणे मानले. शिक्षण चालू असतानाच १८८० साली ते देवमाशांची शिकार करणाऱ्या 'होप' नावाच्या जहाजावर डॉक्टर म्हणून उत्तर ध्रुवसागरात जाऊन आले, आणि पदवी मिळाल्यावर दुसऱ्या एका जहाजाने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही हिंडून आले.

१८८२ साली त्यांनी पोर्ट्समथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रोगी फार येत नसत, त्यामुळे लिहिण्यास वेळ भरपूर मिळे. १८८५ साली लुईसा हॉकिन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १८८६ साली त्यांनी 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही होम्सची पहिली कादंबरी लिहिली. अनेक दारांवरून परत आल्यावर एका प्रकाशकाने ती सर्व हक्कांसह केवळ २५ पौंडांना विकत घेतली आणि १८८७च्या एका नाताळ अंकात छापली. तिच्यावर डॉइल यांना पुढे एक पैही मिळाली नाही. या कादंबरीतील डॉ. वॉटसन लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात येतो तो मुंबई बंदरात उतरून, हे मराठी वाचकांच्या कित्येकदा लक्षात राहत नाही. तेथून तो अफगाणिस्तानात जातो आणि जुलै १८८०च्या मैवंदच्या लढाईत, ज्या लढाईत मुंबई इलाख्याच्या पलटणीही लढल्या, खांद्यात गोळी लागून जायबंदी होतो. १८९० साली आलेल्या 'द साइन ऑफ फोर' या दुसऱ्या कादंबरीचे रहस्य तर १८५७च्या धामधुमीतील आग्र्याच्या किल्ल्यात आणि अंदमानच्या कैद्यांच्या वसाहतीत दडलेले आहे.

डॉइल यांचे मन मात्र या गुप्तहेरापाशी नव्हते. १८८९ साली 'मायका क्लार्क' आणि १८९१ साली 'द व्हाइट कंपनी' या त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. आपले नाव राहील ते यांच्यामुळे, अशी त्यांची धारणा होती. १८९१ साली व्हिएन्नास जाऊन त्यांनी नेत्रविद्येचा काही अभ्यास केला आणि लंडनमध्ये नेत्रवैद्य म्हणून खोली घेतली. तेथे एकही रोगी फिरकला नाही, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. योगायोग असा की, त्याच वर्षी जॉर्ज न्यून्स यांनी 'स्ट्रँड' मासिक सुरू केले होते. क्रमशः कादंबरीचा एखादा अंक चुकला म्हणजे वाचकाचा धागा तुटतो. तेव्हा नायक तोच ठेवून दरमहा स्वतंत्र, पूर्ण गोष्ट द्यावी, ही युक्ती डॉइल यांना सुचली. जुलै १८९१च्या अंकात पहिली होम्सकथा आली. सोबत सिडनी पॅजेट यांची चित्रे होती. काही महिन्यांतच अंक निघण्याच्या दिवशी दुकानांपुढे गर्दी होऊ लागली. आज सर्वत्र रूढ असलेल्या गुप्तहेरकथांच्या मालिकेचा साचा असा एका रिकाम्या दवाखान्यात तयार झाला.

आणि नेमक्या याच वेळी डॉइल यांना होम्सचा कंटाळा येऊ लागला. पहिली सहा प्रकरणे हातावेगळी होतात न होतात, तोच नोव्हेंबर १८९१ मध्ये त्यांनी आईला पत्राने कळविले की, हा गृहस्थ आपल्याला अधिक मोलाच्या कामापासून दूर ठेवीत आहे, तेव्हा त्यास एकदाचे संपवावे असे मनात आहे. आईने कडाडून विरोध केला आणि होम्सचे मरण दोन वर्षे लांबले. संपादकांनी पुढील बारा कथांसाठी तगादा लावला, तेव्हा तो चुकविण्यासाठी डॉइल यांनी १,००० पौंड मागितले. संपादकांनी ते तत्काळ मान्य केले. प्रत्येक कथेला एका कादंबरीस पुरेल एवढी कल्पक गुंफण लागते आणि ती एका महिन्यात वाचून फस्त होते, ही त्यांची तक्रार होती. लेखनाची कळ ज्याने एकदा सोसली आहे, त्यास ती पटावी.

अखेर डिसेंबर १८९३च्या अंकात डॉइल यांनी स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यात, प्राध्यापक मोरिआर्टीच्या मिठीत, होम्सला लोटून दिले. अडीच वर्षांत २४ कथा झाल्या होत्या. वाचकांत हाहाकार उडाला. वीस हजार वर्गणीदारांनी मासिक बंद केले असे सांगतात. संतापाची पत्रे आली. एका बाईने तर थेट शिवी घालूनच पत्राचा आरंभ केला होता. लंडनच्या तरुणांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या ही गोष्ट मात्र पुष्कळ मागाहून पसरलेली दिसते आणि तिला त्या काळचा आधार सापडत नाही.

त्या रुष्ट वाचकांस ठाऊक नसलेल्या दोन गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात चार्ल्स डॉइल मनोरुग्णालयात मरण पावले होते. आणि त्याच सुमारास पत्नी लुईसा यांना क्षयाचे निदान झाले होते. त्या काळी या रोगाला औषध नव्हते. डॉक्टर असलेल्या पतीस त्याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. काही महिन्यांचीच सोबत उरली आहे असे वैद्यांचे मत पडले असता डॉइल यांनी हवापालट, प्रवास आणि शुश्रूषा करून पत्नीस आणखी तेरा वर्षे जगविले. कल्पित मित्राच्या मृत्यूवर इंग्लंड अश्रू ढाळीत होते, तेव्हा त्याचा निर्माता खऱ्या मृत्यूशी झुंजत होता.

पुढील दहा वर्षे होम्स मेलेला होता. बोअर युद्धात डॉइल १९०० साली ब्लूमफाँटेन येथील एका खाजगी लष्करी रुग्णालयात राबले. तेथे विषमज्वराने सैनिकांची दाणादाण उडविली होती. १९०२ साली त्यांना सर हा किताब मिळाला. दरम्यान १९०१ साली डार्टमूरच्या माळरानावरील कुत्र्याची दंतकथा त्यांनी एका मित्राकडून ऐकली आणि तिला नायक हवा म्हणून होम्सला पुन्हा बोलाविले. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कथा मात्र होम्सच्या मृत्यूपूर्वीची म्हणून सांगितली गेली. ती त्यांची सर्वोत्तम रहस्यकादंबरी होय, याविषयी फारसे दुमत नाही. यामुळे मागणी अधिकच वाढली. अमेरिकेतील एका साप्ताहिकाने मोठी रक्कम देऊ केली आणि १९०३च्या शरदात होम्स जिवंत होऊन परतला. कड्यावरून पडला तो केवळ मोरिआर्टी. जपानी कुस्तीच्या एका डावाने होम्स निसटला होता, असा खुलासा करण्यात आला.

वाचकांनी आनंदाने उड्या मारल्या आणि मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. कॉर्नवॉलच्या एका नावाड्याची गोष्ट डॉइल यांनी १९२४च्या आत्मचरित्रात मोठ्या मोकळेपणाने नोंदविली आहे. तो त्यांना म्हणाला होता की, कड्यावरून पडून होम्स मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही, एवढे खरे. एका नावाड्याने केलेले हे परीक्षण पुढे शेकडो टीकाकारांनी आपापल्या परीने पुन्हा केले. स्वतःवरील हा विनोद डॉइल यांनी लपविला नाही, यातच त्यांचा मोठेपणा दिसतो.

हा आक्षेप कितपत खरा होता? १९०३ नंतरच्या सरसकट सर्व कथांस तो लागू पडत नाही. परत आल्यानंतरच्या पहिल्या तेरा कथांत काही नामांकित कथा आहेत. तक्रारीस खरे बळ येते ते १९२१ ते १९२७ या काळातील शेवटच्या बारा कथांपाशी. त्यांपैकी 'मॅझरिन स्टोन' ही कथा मुळात रंगभूमीसाठी लिहिलेल्या एका छोट्या नाटकावरून केलेली. त्यामुळे सारा प्रसंग एकाच खोलीत घडतो, निवेदन वॉटसनच्या तोंडी नाही, आणि खिडकीतील मेणाच्या पुतळ्याची युक्तीही पूर्वी वापरून झालेली. १९२३च्या एका कथेत वृद्ध प्राध्यापक तारुण्य मिळविण्यासाठी हिमालयातील लंगुराचा अर्क टोचून घेतो आणि रात्री वेलींना धरून भिंतीवर चढू लागतो. आपल्याकडील वाचकांस, ज्यांच्या कौलांवर लंगुरे रोज नाचतात, त्यांस ही कल्पना भयंकर न वाटता हसूच येते. दोन कथा होम्स स्वतःच सांगतो, आणि तेव्हा कळून येते की इतकी वर्षे आपण ज्याच्यामुळे थक्क होत होतो तो वॉटसन होता. थक्क होणारा कोणी नसला तर बुद्धीचा चमत्कार हा केवळ हिशेब ठरतो. 'थॉर ब्रिज'सारखी एखादी कथा मात्र या शेवटच्या भागातही पहिल्या प्रतीची आहे.

कारण शोधावयाचे तर ते लेखकाच्या जीवनात आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला थोरला मुलगा किंग्जली ऑक्टोबर १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला. चार महिन्यांत धाकटा भाऊ इनेस गेला. परलोकविद्येची जिज्ञासा डॉइल यांना साउथसीच्या दिवसांपासून होती आणि १९१६ साली त्यांनी आपली श्रद्धा जाहीरही केली होती. या मृत्यूंनंतर तेच त्यांचे जीवितकार्य झाले. त्यांनी जगभर व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिले, १९२५ साली लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेजवळ या विषयाच्या पुस्तकांचे दुकान काढले आणि या साऱ्यात पाण्यासारखा पैसा ओतला. होम्सकथांचे उत्पन्न त्यास हातभार लावी. कॉटिंग्लीच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे त्यांनी १९२० साली खरी म्हणून प्रसिद्ध केली. ते कागदी पऱ्यांचे कसब होते, अशी कबुली त्या दोघींनी वृद्धापकाळी १९८३ साली दिली. ज्याच्या नायकाने बुटावरच्या चिखलावरून माणूस ओळखावा, त्या लेखकाला पुठ्ठ्याच्या पऱ्या ओळखता आल्या नाहीत, म्हणून जग हसले. मुलगा गमावलेल्या बापाकडे पाहून आम्हांस तेवढे हसू येत नाही.

मग तो पूर्वीचा होम्स गेला कोठे? आमच्या मते तो कथांतून निघून एकदा लेखकाच्या अंगी संचारला, आणि ती कथा आपल्याशी निगडित आहे. मुंबईचे एक पारशी गृहस्थ शापुरजी एडल्जी यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते इंग्लंडमधील ग्रेट वर्ली या खेड्यात धर्मोपदेशक झाले. त्यांचा मुलगा जॉर्ज सॉलिसिटर होता. १९०३ साली त्या परिसरात रात्रीच्या वेळी जनावरांची पोटे चिरण्याचे प्रकार घडले. बाहेरचा रंग, बाहेरचे नाव. संशय जॉर्जवर घेतला गेला आणि त्यास ७ वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी, १९०६ साली, कोणतेही कारण न देता त्यास सोडण्यात आले. पण कलंक तसाच राहिला आणि वकिलीही गेली. त्याने डॉइल यांना लिहिले. त्याच वर्षीच्या जुलैत लुईसा वारल्या होत्या आणि डॉइल खचून गेले होते. ते या प्रकरणात शिरले.

ठरलेल्या हॉटेलात डॉइल जरा उशिरा पोचले. दिवाणखान्यात जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांच्या अगदी जवळ, तेही तिरपे धरून वाचीत होता. ज्यांच्या दाराशी एकही रोगी आला नव्हता, त्या नेत्रवैद्याचे ज्ञान त्या क्षणी कामास आले. इतक्या अधू दृष्टीचा मनुष्य अंधाऱ्या रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणे ओलांडून शेतात जाईल आणि जनावर चिरून पहारेकऱ्यांना चुकवून परत येईल, हे अशक्य होते. डॉइल यांनी स्वतः तो मार्ग तुडविला, कागदपत्रे तपासली आणि जानेवारी १९०७ मध्ये वर्तमानपत्रातून सारे प्रकरण जनतेपुढे मांडले. मे १९०७ मध्ये सरकारने जॉर्जला जनावर चिरल्याच्या आरोपातून माफी दिली. मात्र निनावी पत्रे त्यानेच लिहिली असा ठपका ठेवून नुकसानभरपाई नाकारली. डॉइल यांना हा अर्धा न्याय अखेरपर्यंत सलत राहिला. तथापि जॉर्जला त्याची वकिली परत मिळाली आणि फौजदारी अपिलांसाठी इंग्लंडात स्वतंत्र न्यायालय त्याच वर्षी स्थापन झाले, त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता. सप्टेंबर १९०७ मध्ये डॉइल यांनी जीन लेकी यांच्याशी दुसरा विवाह केला, तेव्हा निमंत्रितांत जॉर्ज एडल्जी होता. पुढे ऑस्कर स्लेटर या दुसऱ्या एका निरपराध माणसासाठीही ते वर्षानुवर्षे झगडले. स्लेटर १९२७ साली सुटला आणि १९२८ साली त्याची शिक्षा रद्द झाली.

शेवटची होम्सकथा एप्रिल १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा झाल्या. तीन वर्षांनी, ७ जुलै १९३० रोजी, क्रोबरो येथील आपल्या घरी डॉइल निवर्तले. प्रथम त्यांना घराच्या बागेतच पुरले होते; १९५५ साली त्यांच्या अस्थी मिन्स्टेड येथील चर्चच्या आवारात हलविण्यात आल्या. ज्या ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी त्यांनी होम्सला कड्यावरून लोटले, त्या आज थोडे लोक वाचतात.

एक गोष्ट मात्र त्या रुसलेल्या वाचकांच्या ध्यानात आणून द्यावीशी वाटते. डॉइल यांचा दुसरा लोकप्रिय नायक प्राध्यापक चॅलेंजर. त्यास त्यांनी १९२६च्या 'द लँड ऑफ मिस्ट' या कादंबरीत परलोकविद्येचा अनुयायी करून टाकले. होम्सच्या बाबतीत तसे करणे त्यांस सहज शक्य होते, आणि प्रचाराच्या दृष्टीने त्याचा केवढा लाभ झाला असता! त्यांनी तसे केले नाही. १९२४ साली, स्वतः मृतात्म्यांशी संभाषण करीत असतानाच्या काळात, त्यांनी रक्तपिपासू पिशाचाची एक कथा लिहिली. तिच्यात होम्स आरंभीच बजावतो की आपल्या धंद्यात भुताखेतांना जागा नाही, आणि शेवटी पिशाचाच्या जागी निघते ते एका दुखावलेल्या मुलाचे मत्सरी मन व एका आईची धडपड. पुत्रशोकात बुडालेल्या लेखकाने आपल्या सर्वांत प्रिय श्रद्धेची छाया होम्सवर पडू दिली नाही. वाचकांना पूर्वीची गोडी देणे त्यांच्या हाती उरले नव्हते. वाचकांचा विश्वास राखणे हाती होते, तो त्यांनी राखला.

मंडळाच्या सभासदांपैकी ज्यांची मुले आता वाचत्या वयाची झाली असतील, त्यांनी त्यांच्या हाती होम्स अवश्य द्यावा आणि आरंभ पहिल्या बारा कथांनी करावा. शेवटच्या भागाशी येऊन मुले हिरमुसली, तर त्यांना जॉर्ज एडल्जीची हकीकत सांगावी.